न ठोकलेली जमीन

फार मागची गोष्ट. तेव्हा राज्याला राजा होता आणि गावाला वेस होती. अशा एका गावात एक गवंडी राहत होता. दगडी फरशी बसवावी तर त्यानेच, असं आसपासच्या गावांत म्हणत. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं त्याची बायको होती.

फरशी वरून दिसते, पण टिकते ती खालच्या जमिनीमुळे. काळी माती उपसून टाकावी लागते. खड्ड्यात मुरूम घालायचा, पाणी शिंपडायचं आणि धुम्मसाने ठोकायचा. धुम्मस म्हणजे दांडा लावलेला जड लाकडी ठोकळा. एक थर घट्ट बसला की मग दुसरा. त्यावर चुना सगळीकडे सारखा पसरायचा, आणि मग दगड.

हे ठोकायचं काम बायको करी. हात भरून येत, पण ती थर चुकवत नसे. फरशीचा चुना वाळला की टाचेने ठोकून बघे. बद्द आवाज आला तर पुढे जाई. पोकळ आवाज आला की म्हणे, "उचला."

"अगं, चांगली दिसतेय की."

"दिसायला चांगलीच आहे. पोटात काही नाही तिच्या. उचला."

गवंडी कुरकुरत फरशी उचली. बघणारे हसत. म्हणत, "या दोघांत गवंडी कोण, तेच कळत नाही."

"ती गवंडी, मी दगड," असं म्हणून तोही हसे.

लोकांची अंगणं अशी पक्की झाली. त्यांच्या स्वतःच्या दारात मात्र मातीच होती. शेजारणी टोमणे मारत, पण बायकोने कधी मनावर घेतलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. दोघांपुरती माती पुरे होती.

मग तिला दिवस गेले. पोटुशी बाईने धुम्मस उचलायचा नाही, अशी त्या गावाची रीत होती. तिने तो भिंतीला टेकवून ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. आता मागते. दारात फरशी घाला. लेकरू रांगेल ते चिखलात नको."

"घालतो. राजाच्या अंगणासारखी घालतो," गवंडी म्हणाला.

सातव्या महिन्यात ती ओटी भरून घ्यायला थोडे दिवस माहेरी गेली. गवंड्याने दारातली काळी माती उपसली. दगड घडवून ठेवले. तेवढ्यात राजाचा जासूद आला. राजपुत्राचं लग्न ठरलं होतं आणि महालापुढचं अंगण नव्याने करायचं होतं. दोन दिवसांत निघायचा हुकूम होता.

गवंड्याने खड्ड्याकडे पाहिलं. तो तसाच सोडावा तर बायको येऊन काय म्हणेल? नीट ठोकत बसावं तर राजाचं काम दुसऱ्याच्या हाती जाईल. शेवटी त्याने मनाशी म्हटलं, हे तर घरचंच आहे. आल्यावर पुन्हा करू.

त्याने खड्ड्यात मुरूम ओतला आणि नुसता पायाने सारखा केला. प्रत्येक दगडाच्या चार कोपऱ्यांखाली चुन्याचे चार गोळे ठेवले. मधे पोकळच राहिलं. सांधे मात्र सुरेख भरले. वरून पाहणाऱ्याला ते अंगण आरशासारखं वाटलं असतं.

तो निघायच्या बेतात असताना बायको परतली. अंगण बघून तिचे डोळे भरले.

"थर ठोकले ना सगळे?"

"ठोकले."

तिने सवयीने टाच उचलली. गवंडी घाईने म्हणाला, "चुना ओला आहे. आत्ता ठोकलीस तर बैठक हलेल."

ही गोष्ट खरीच होती. ओल्या चुन्यावर कोणी ठोकत नाही. तिने टाच खाली घेतली. "मग राहू दे. तुम्ही ठोकले म्हणालात, पुरे झालं."

पुढे चुना वाळला, तरी तिने ठोकून पाहिलं नाही. नवऱ्याचा शब्द तिला पुरेसा होता.

राजधानीत गवंड्याने जीव ओतून काम केलं. राजाचा कारभारी हातात काठी घेऊन फिरे आणि एकेक फरशी ठोकून बघे. एक फरशी कोपऱ्यात जराशी पोकळ वाजली. गवंड्याने ती कोणी न सांगता उचलली, खालचा चुना खरवडला आणि नव्याने बसवली. राजाने त्याला भरजरी पागोटं दिलं. ते डोक्याला बांधून तो गावाकडे निघाला.

वेशीपाशी त्याला म्हातारी सुईण भेटली. तिने पागोट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते आधी काढ, बाबा."

"का, मावशी? काय झालं?"

"तुझी बायको पाण्याची घागर घेऊन दारातून येत होती. पडली. लेकरू हाती आलं ते रडलंच नाही. मुलगा होता."

गवंड्याने पागोटं उतरवलं.

म्हातारी पुढे म्हणाली, "मी स्वतः पाहिलं. फरशी खचली आणि एका अंगाला कलंडली. मी तसं बोलले, तर अशी अंगावर धावून आली माझ्या. एवढं झालेलं, तरी म्हणते, 'माझ्या धन्याचं काम कलंडत नाही. माझाच पाय वाकडा पडला.'"

गवंडी घरी गेला. बायको अंथरुणात होती. त्याला पाहून ती रडली आणि म्हणाली, "मला माफ करा. मी नीट बघून चालले नाही."

तेव्हा त्याने खरं सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं नाही. तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला.

पुढे ती उठून हिंडू फिरू लागली. एका सकाळी ती अंगणात बसली आणि बोटाच्या पेराने समोरची फरशी वाजवली. मग शेजारची. मग गुडघ्यांवर सरकत सरकत तिने सगळं अंगण वाजवलं. एकही फरशी बद्द वाजली नाही.

गवंडी उंबऱ्यात उभा होता. तिने मान वर करून विचारलं, "धुम्मस फिरवला होता ना?"

त्याने मान खाली घातली.

ती उठली आणि आत गेली. ओरडली नाही, त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्याला वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी त्याने सगळ्या फरश्या उचलल्या. मुरूम बाहेर काढला. पुन्हा थर घातले, पाणी शिंपडलं, एकट्याने ठोकले. हातांना फोड आले, फुटले, तरी थांबला नाही. लोक येऊन बघत आणि निघून जात. राजाचं अंगणही इतकं पक्कं झालं नव्हतं.

चुना वाळल्यावर त्याने हाक मारली. "जरा बाहेर ये. ठोकून बघ. जिथे म्हणशील तिथे उचलतो."

ती दारापर्यंत आली. अंगणावरून तिची नजर फिरली.

"झालं असेल चांगलं," ती म्हणाली. "पण आता इथे रांगणार कोण?"

त्यानंतर ती मागच्या दाराने ये-जा करू लागली. राहिली त्याच्याच घरात, भाकरी वाढली, आजारपणात उशाशी बसली. पण त्याच्या कामावर पुन्हा गेली नाही, आणि त्याचं कुठलंही काम कसं झालं, हे तिने मरेपर्यंत विचारलं नाही.

बोध : जो आपल्या शब्दावर विसंबून तपासून बघत नाही, त्याचं काम सगळ्यांत पक्कं करावं.