न मरणारा राक्षस

व्हिडिओ गेम तपासणाऱ्या सरकारी मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब गुळवणी यांनी शर्वरी धोंगडेने बनवलेला राक्षस मारायचा गेम अडवला. "तलवार नको, रक्त नको. आणि नायक 'मारा त्याला!' म्हणून ओरडतो, ते तर आधी कापा. पोरं बिघडतात अशानं. राक्षसाला कायद्याने वठणीवर आणा!"

"बरं," म्हणून शर्वरी गेली आणि नवा गेम घेऊन आली. तात्यासाहेब खूश होऊन स्वतःच खेळायला बसले. अख्खं मंडळ मागे उभं राहिलं.

त्यांनी राक्षसाला नोटीस बजावली, तर त्याने मुदत मागून घेतली आणि तेवढ्यात एक गाव गिळलं. अटक केली, तर त्याच्या छातीत दुखू लागलं आणि तो इस्पितळात जाऊन झोपला. जामिनावर सुटला तो गळ्यात हार घालूनच, आणि वाटेत त्याने दुसरं गाव गिळलं. वर तात्यासाहेबांकडे बघून हात जोडले!

तात्यासाहेब ताडकन उठले आणि टेबलावर मूठ आपटून ओरडले, "अरे, मारा त्याला!"

शर्वरीने नम्रपणे विचारलं, "साहेब, हे वाक्य ठेवू की कापू?"