बाभळीवरचा आकडा

फार पूर्वी एका माळावर सशांची कबड्डी रंगायची. प्रेक्षकांच्या मागे बाभळीवर बसलेला कावळा रोज खेळ बघणारे मोजायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. एकदा आकडा घटला आणि म्हातारी घोरपड हादरली.

“हा खेळ कुणालाच नको असेल, तर मी जन्मभर वेड्यासारखी काय बघत बसले?”

तेव्हापासून सगळे मान वळवून कावळ्याकडेच बघू लागले. आकडा घटतच गेला.

एके दिवशी लंगड्या सशाने एका दमात सातही गडी बाद केले. धापा टाकत त्याने वर पाहिलं, तर साऱ्यांच्या पाठी त्याच्याकडे.

“आज किती रे?” घोरपडीने कावळ्याला विचारलं.

“एकही नाही.”

सगळे ढसाढसा रडले. रडतानाही मैदानाकडे कुणी वळलं नाही.