पाठमोरी माउली

वसईकडे, समुद्राजवळच्या एका गावात इनास नावाचा एक बागायतदार राहत होता. त्याची केळीची वाडी अगदी रस्त्याला लागून होती. माणूस कष्टाळू, भाविक. पण आपलं ते आपलं, आणि तेही कुंपणाच्या आत, असा त्याचा स्वभाव.

एकदा त्याची बायको रोजलीन तापाने फणफणली. तिला दवाखान्यात न्यायला इनासने बैलगाडी जुंपली, तर वाडीबाहेर पडताच गाडीचं चाक मोडलं. इनासने भर रस्त्यात गुडघे टेकले. "मारिया माउली, हिला वाचव! इथंच, रस्त्यावर तुझी घुमटी बांधीन." तेवढ्यात येणारेजाणारे धावले. कुणी खुर्चीला बांबू बांधले, कुणी डोक्यावर छत्री धरली. ओळख ना देख अशा माणसांनी रोजलीनला उचलून दवाखान्यात पोहोचवलं. ती खडखडीत बरी झाली.

इनास नवसाला जागला. वाडीच्या कोपऱ्यावर, रस्त्याच्या कडेला टुमदार घुमटी उभी राहिली. भिंतींना पांढरा चुना, माथ्यावर छोटा क्रूस, आत निळ्या झग्यातली माउली. पण गवंडी पाया आखायला आला तेव्हा इनासच्या मनात एक किडा वळवळला होता. माउलीचं तोंड रस्त्याकडे केलं, तर तिची नजर जाणार परक्यांवर. खर्च आपला आणि कृपा साऱ्या गावाला! म्हणून त्याने घुमटीचं तोंड वाडीकडे करून घेतलं. माउलीला आता विहीर दिसे, केळी दिसत, इनासचं घर दिसे. रस्त्याला दिसे ती नुसती मागची भिंत.

मे महिना आला. हा माउलीचा महिना. त्या गावात मे महिन्यात लोक रोज संध्याकाळी क्रुसाशी नाहीतर घुमटीशी जमतात, जपमाळ म्हणतात, गाणी गातात आणि मग उकडलेले चणे वाटतात. इनासने मोठ्या हौसेने साऱ्या आळीला आवतण दिलं. लोक आलेही, पण उभे कुठे राहणार? घुमटीसमोर केळीची कोवळी रोपं. लोक 'नमो मरिये' म्हणायला लागले की इनास मध्येच ओरडे, "अरे पाय बघा, पाय! रोप मोडेल!"

दुसऱ्या दिवशी निम्मेच आले. आठवडा सरायच्या आत सगळी आळी पलीकडच्या क्रुसाशी जायला लागली. इनास आणि रोजलीन दोघंच जपमाळ म्हणत. दोघांच्याच आवाजात गाणी काही रंगत नसत. इनासला फार वाईट वाटे. एवढा नवस फेडला, आणि माउलीपुढे माणूस नाही! पण चूक आपली आहे, हे मात्र तो कबूल करेना.

एका सकाळी घुमटीमागे धप्प आवाज झाला. गोमती कोळणीने दम खायला आपली माशांची पाटी भिंतीशी टेकवली होती. इनास तरातरा बाहेर आला.

"अगं, ही माउलीची घुमटी आहे! मासे कसले ठेवतेस?"

"अगो बाय! मला वाटलं, पंपाची खोली!"

गोमतीने घाईघाईने पाटी उचलून बाजूला ठेवली, चपला काढल्या आणि त्या कोऱ्या भिंतीला हात जोडले.

"ती पाठ आहे," इनास पुटपुटला. "तोंड आत आहे."

"असू दे, दादा. तोंड तू ठेव. पोरांची हाक आईला पाठीमागूनबी ऐकू जाते."

ती निघून गेली. विहिरीवर रोजलीनने सगळं ऐकलं होतं. ती हसू दाबत म्हणाली, "काय हो, मला उचलून नेलं ती माणसं आपल्या वाडीतली होती, का या रस्त्यावरची?"

इनासचे कान लाल झाले. माउलीने नवस ऐकला तो रस्त्यावर, मदतीला माणसं धाडली तीही रस्त्यावरची. आणि आपण तिलाच रस्त्याकडे पाठ करून उभं केलं! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याने लगेच पहार काढली. मूर्ती अलगद उतरवून रोजलीनच्या हाती दिली आणि रस्त्याकडच्या भिंतीवर घाव घातला. हौसेने बांधलेली भिंत. पहिल्या घावाला हात जड झाला, पुढचे आपोआप पडले.

"काय रे इनास, डोकं फिरलं का?" रस्त्यावरून कुणीतरी विचारलं.

"डोकं नाय, माउली फिरवतोय!"

मग काय, घमेलं घेऊन एक आला, चुना घेऊन दुसरा आला. वाडीकडची बाजू विटांनी बुजवली आणि माउली रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

त्या संध्याकाळी आवतण कुणालाच नव्हतं, तरी रस्ता भरून गेला. फुलवाल्या थांबल्या, गाडीवाले उतरले. चणे वाटता वाटता इनास गर्दीत पार मागे ढकलला गेला. तिथून त्याला माउलीचा चेहरा दिसेना, नुसती लोकांची डोकी दिसत होती. पण त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने गात होता तो इनासच.

तात्पर्य: देवाची कृपा कुंपणात अडवून ठेवू नये, ती ज्या वाटेने आपल्यापर्यंत आली, ती वाट सगळ्यांसाठी मोकळी ठेवावी.