घैसासशास्त्रींचा मुहूर्त

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की घाटावर कुत्रंही फिरकत नव्हतं. तरी ज्योतिष मंडळाची सभा भरली. पहिले अध्यक्ष घैसासशास्त्री तीन वर्षं ‘नव्या निवडीला मुहूर्तच नाही’ म्हणत खुर्ची सोडत नव्हते. पंचांगं विकणाऱ्या भिकोबा गुरवांनी अध्यक्षपद मागितलं, तेव्हा शास्त्री हसले.

“माझ्याबद्दल एक भाकीत सांगा. खरं ठरलं, तर खुर्ची तुमची.”

भिकोबा सावकाश म्हणाले, “शास्त्रीबुवा, दिवेलागणीपर्यंत तुम्ही खुर्चीतून उठणार नाही.”

बसून राहावं, तर भाकीत खरं! शास्त्री ताडकन उठले. “ठरलं खोटं!”

“ठरलं बुवा,” म्हणत भिकोबा रिकाम्या खुर्चीत टेकले. “आता मला उठवायला मुहूर्त काढा.”

सभा खो-खो हसली. शेजारचा रामा शिंपी भिकोबांच्या कानाशी लागला, “भिकोबा, मुहूर्त लवकर निघू द्या हो. ही खुर्ची बसणाऱ्याला चिकटते!”