नहूमबाबांची रांग

फार वर्षांपूर्वी, गोदाकाठापासून दूरच्या कोरड्या माळावर शालेमवाडी नावाचं ख्रिस्ती गाव वसलं, तेव्हाची ही गोष्ट. गावाला विहीर एकच. ज्याच्या मनगटात जोर तो ती अडवायचा, आणि दुबळ्यांच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन परत जायच्या. शेवटी गावानं चर्चच्या मंडळीतले वडील नहूमबाबा यांना पुढारी नेमलं.

न्याय करताना लहान-मोठा पाहू नये, हे शास्त्रातलं वचन बाबांच्या अंगात भिनलेलं होतं. त्यांनी नियम घातला की आपल्या शब्दाशिवाय विहीर कुणी बंद करायची नाही. आणि गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्यानं रांगेत बसायचं, मग तो कुणीही असो. त्यांनी सख्ख्या भावालाही रांगेत बसवलं. कुणी तुपाचा गडवा आणला तर दारातूनच परत पाठवला. त्यांच्यासमोर खोटं बोलणाऱ्याची जीभ टाळूला चिकटायची, असं म्हणतात.

न्याय मिळतो म्हटल्यावर आसपासची गावंही येऊ लागली. बाबा ज्या चिंचेखाली न्यायाला बसायचे, तिथून रांग पार वेशीपर्यंत गेली. बाबा सकाळपासून दिवस मावळेपर्यंत एकटेच बसायचे. बायको म्हणायची, "अहो, चार शहाणी माणसं हाताशी घ्या."

बाबा म्हणायचे, "आणि त्यांनी कुणाचं तोंड पाहून निवाडा केला तर?"

एका उन्हाळ्यात केतुराबाई धावतच रांगेशी आली. तिचा मुलगा ओबेद विहिरीत उतरून गाळ काढायचा. विहिरीची भिंत फुगलेली तिनं पाहिली होती. त्याला वर बोलावलं, तर तो म्हणाला होता, "पानी आटलंय आये. बाबांचा शबूद आन, लगीच वर येतो."

"मला म्होरं जाऊ द्या," केतुराबाई विनवू लागली. "इहीर ढासळंल. बंद करा म्हनायचंय बाबांना."

रांगेतल्या लोकांनी हात जोडले. "बाई, बाबांच्या भावालाबी हितंच बसावं लागलं."

तिलाही ते रास्त वाटलं. ती बसली.

दुपार कलल्यावर तिची पाळी आली. तिनं तोंड उघडलं, आणि पायाखालची जमीन हादरली.

बाबा उठून धावले ते थेट विहिरीत उतरले. वरून दगड सुटत होते. पण बाबा ओबेदला खांद्यावर घेऊन बाहेर येईपर्यंत उरलेली भिंत जागच्या जागी थांबली आणि ते काठावर येताच सगळी कोसळली, असं म्हणतात. ओबेद गेला होता.

बाबांनी त्याला आईपुढं ठेवलं. मग ते चिंचेखाली गेले आणि गुन्हेगाराला बसवायच्या दगडावर स्वतः बसले. त्या वेळी चिंचेवरची पाखरंसुद्धा गप्प झाली, असं म्हणतात.

"केतुराबाई, निवाडा करा," बाबा म्हणाले.

केतुराबाई दगडापुढं येऊन उभी राहिली.

"बाबा, तुमी कुनावर अन्याव केला न्हाई. पर आख्ख्या गावाला कान दोनच ठिवले. त्यात माझा ल्योक मावला न्हाई."

बाबांनी पागोटं उतरवलं आणि तिच्या पायाशी ठेवलं. मग त्यांनी आळीआळीला सांगितलं, देवाला भिणारं आणि लाच न खाणारं माणूस तुम्हीच निवडा. तुमची गाऱ्हाणी ते ऐकेल. त्याला झेपणार नाही तेवढंच माझ्याकडं आणा. विहीर कधी बंद करायची, हा अधिकार त्यांनी केतुराबाईला दिला. स्वतः कुदळ घेतली आणि हातपाय थकेपर्यंत नवी विहीर खणत राहिले. ते धोंडा उचलायचे तेव्हा तो भाकरीसारखा हलका व्हायचा, असं म्हणतात.

आजही शालेमवाडीत नवा पुढारी निवडला की त्याला हार घालत नाहीत. त्याला दोरानं विहिरीत सोडतात, गाळ काढायला. मग गावातली सगळ्यात गरीब बाई काठावर येऊन हाक मारते, "खाली कोन हाय?"

तो नाव सांगत नाही, हुद्दा सांगत नाही. "ऐकतोय, बाई," एवढंच म्हणतो.

आणि तिचं बोलून संपेपर्यंत दोर कुणी वर ओढत नाही.