कोबीशेजारी उभी राहिलेली मोहरी

एक होता राजा. त्याला टापटिपीचं भारी वेड. नगराबाहेर त्याचा भाजीचा मळा होता, आणि सगळं नगर त्या मळ्यावरच जेवायचं, बरं का. मळा राखायची साळू माळीण. एकटा जीव. पण तिचा कोबी असा यायचा, की दोन हातांत मावायचा नाही.

एकदा काय झालं, राजा मळा बघायला आला. बघतो तर बांधावर झेंडू, वाफ्यात कोथिंबीर, कडेला मोहरी. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"साळू, भाजीत हा पसारा कशाला? उपटून टाक सगळं."

राजाचा हुकूम. साळूनं जड हातानं एकेक रोप उपटलं.

मग पहिल्या वर्षी मावा नावाची कीड पडली. पानं चिकट झाली, काळी पडली. दुसऱ्या वर्षी मुळांना गाठी आल्या. आणि तिसऱ्या वर्षी अळ्या आल्या. त्यांनी कोबीची चाळण केली. लेकरं पाणी पिऊन झोपू लागली. लोक म्हणू लागले, यंदाही पिकलं नाही तर नगर सोडायचं.

साळू बांधावर बसून होती. तर समोरून तीन बाया आल्या. एकीचं लुगडं केशरी, एकीचं हिरवं, एकीचं पिवळं. केशरी लुगड्याची म्हणाली, "माळीणबाई, तू आम्हाला बाहेर काढलंस. आता जागा देशील का?"

साळूनं त्यांना ओळखलं. तिनं हात जोडले. "चुकलं माझं. पण राजा मला जिवंत ठेवायचा नाही."

साळूला ती उपाशी लेकरं आठवली. मग तिनं पदर खोचला. "या बायांनो. होईल ते होईल."

झेंडू म्हणाली, "मी मुळं राखीन." कोथिंबीर म्हणाली, "मला फुलू दे. मावा खाणारे लाल ठिपक्यांचे किडे मी बोलावीन." मोहरी हळूच म्हणाली, "मी कोबीच्या कडेला उभी राहते. अळ्या आधी माझ्याकडे येतील."

"मग तुझं गं काय?"

"माझं काही उरणार नाही."

एवढं बोलून तिघी मातीत उतरल्या आणि त्यांची रोपं झाली.

मग दिवस गेले. फुलपाखरं येत, मोहरीवर अंडी घालत. अळ्या निघत आणि तिलाच खात. साळू रोज सकाळी तिला पाणी घाली, तिच्यापाशी बसून राही. दुसरं काय करणार? इकडे कोबीचे गड्डे भरत चालले.

राजा आला. त्यानं झेंडू पाहिला, कोथिंबीर पाहिली.

साळू म्हणाली, "मी हुकूम मोडला, महाराज. शिक्षा द्या."

राजानं कोबीचं पान उलटून पाहिलं. एक भोक नव्हतं. मग त्याची नजर कडेला गेली. मोहरीच्या पानांच्या नुसत्या शिरा राहिल्या होत्या.

"हिला काय झालं?"

"आपल्या सगळ्यांच्या वाटचं हिनं सोसलं, महाराज."

राजानं जोडे काढले, आणि मोहरीपुढे वाकला. "शिक्षा मला व्हायला हवी, साळू. तुला नाही."

मोहरीच्या शेंड्याला चार शेंगा उरल्या होत्या. राजानं आपला शेला पसरला, साळूनं त्यात दाणे झाडले. पुढच्या हंगामात दोघांनी मिळून ते पेरले.

आणि कोबी काढला, त्या दिवशी नगरात घरोघरी चूल पेटली. लेकरं पोटभर जेवली आणि आईच्या कुशीत शिरली. तुम्हीही पांघरूण ओढा आता, आणि डोळे मिटा.