उघडा कठडा

“मग नक्षी नको, वेलबुट्टी नको, हे तुम्हीच शिकवलंत ना, मास्तर?”

सुबोध पाठारेचा आवाज चढला होता. वास्तुकला शिकवणाऱ्या कीर्तिकर मास्तरांनी या शहराला उघडं काँक्रीट दाखवलं, आणि सुबोध त्यांचा सर्वांत तल्लख शिष्य. कारखान्याच्या कामगारांसाठी त्याने चार मजली इमारत बांधली होती. ‘या मातीशी नातं नसलेली काड्यापेटी,’ म्हणून जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. भर सभेत सुबोधने एकेकाला निरुत्तर केलं होतं.

आज मात्र तो तक्रार घेऊन आला होता.

“गॅलरीच्या कठड्याला मी फक्त आडव्या नळ्या दिल्या. जहाजासारख्या. लोकांनी त्यांवर पत्रे ठोकलेत, गोणपाटं बांधलीत, खाटेच्या फळ्यासुद्धा! सगळी रेषा मारून टाकली.”

मास्तरांनी काठी उचलली.

“चल.”

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मास्तरांना धाप लागली. गॅलरीभर पत्रे, चिंध्या, सुतळ्या. सुबोध दात-ओठ खात चालला होता. टोकाच्या खोलीपाशी तो थबकला.

तिथला कठडा उघडा होता. स्वच्छ, जसा कागदावर काढला होता तस्सा.

“बघा, मास्तर! निदान एकाला तरी कळलं!”

दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. हौसाबाई तिचं नाव. तिने मान वर केली नाही.

मास्तरांनी विचारलं, “बाई, सगळ्यांनी कठडा झाकलाय. तुम्ही काही बांधलं नाही?”

“आता कुनासाठी बांधू?”

सुपातली बोटं थांबली.

“नळ्यांवर पाय देत देत वर गेला माझा ल्योक. शिडीच गावली की त्येला... मी आत भाकरी थापत हुते.”

खाली अंगणात कुणीतरी कपडे आपटत होतं.

सुबोधचा हात कठड्यावर होता. चटका बसावा तसा त्याने तो काढून घेतला.

“मी... मी उद्याच माणसं पाठवतो. सगळ्या नळ्या उभ्या करून घेतो. नवीन नकाशा आज रात्रीच...”

हौसाबाई पुन्हा तांदूळ निवडू लागली होती.

“मास्तर, काहीतरी बोला ना... मी काय करू?”

मास्तरांनी वहाणा काढल्या. ते तिच्या उंबऱ्यापाशी, खाली फरशीवर बसले.

“आधी पोराचं नाव विचार.”